लकडे आप्पांचा लोकरीचा धागा

लकडे आप्पांनी मला पहिल्या भेटीत विचारलेला पहिला प्रश्न असा होता, “जेवून आलाय का?”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने, गाडीच्या टपावर सायकल बांधून मी पन्नासेक किलोमीटर आलो होतो, ते काही पाहुणचार झोडायला नव्हे. मी म्हटलं, “जेवणाचं राहू द्या. आधी सायकल बघा.”

“मग बसा निवांत,” आप्पा म्हणाले. “रिकाम्या पोटी मी कुणाची सायकल लावत न्हाई.”

मला वाटलं, यात काहीतरी नेमधर्म असणार. पण आप्पांचा हिशेब सरळ होता. डोंगरात जाणारा माणूस खाऊन जातो. पाठीवर पाण्याची पिशवी घेतो, डबा घेतो, बूट घालतो, हेल्मेट चढवतो. हे सगळं ओझं सायकलच वाहणार, तर मोजतानाही सगळंच मोजायला हवं. उपाशी, अनवाणी माणसाच्या मापाने हवा भरली तर ती उपाशी, अनवाणी माणसालाच लागू पडणार. “आन् तसला माणूस डोंगरात कशाला तडफडायला जाईल, सायेब?” मी मुकाट्याने दोन भाकरी आणि वाटीभर हुलग्याचं माडगं संपवलं.

आप्पांची शेड पाटस आणि कुरकुंभच्या मध्ये, हायवेच्या जरा आत होती. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्यांची गाणी तिथपर्यंत ऐकू यायची. दारावर पत्र्याचा बोर्ड होता, ‘येथे सायकल माणसाला बसवून मिळेल’. शिंपी जसा अंगावर टाचण्या लावून सदरा बसवतो तसं हे काम आहे, असं त्यांचं म्हणणं. बोर्डावर नाव नव्हतं, फोन नंबर नव्हता. ज्याला गरज आहे तो येईल, हा तीस वर्षं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून काढलेल्या माणसाचा आत्मविश्वास. आयुष्यभर त्यांनी हवेवर चालणारे व्हॉल्व्ह दुरुस्त केले. निवृत्तीच्या सुमारास कंपनीतल्या एका साहेबाच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे धक्के झेलणारा हवेचा दांडा, हवा सोडायला लागला, तो आप्पांनी उघडला आणि त्यांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. “आत बघतोय तर समदं आपलंच सामान! शील, हवा, तेल. फक्त किंमत लई मोठी लिव्हलेली.”

माझं म्हणाल तर मी वीज खात्यात. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मी ताबडतोब एक भारी माउंटन बाइक घेतली, कारण आमच्या खात्यात कामाच्या आधी साहित्य येतं. पुढे हवेचा फोर्क, मागे हवेचा शॉक, सगळीकडे फिरवायच्या लाल-निळ्या चकत्या. त्या कशासाठी असतात हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं आणि मला विचारायची लाज वाटली. दर रविवारी डोंगरावर जायचं आणि दर रविवारी तळहात बधिर, पाठ धरलेली अशा अवस्थेत परत यायचं. दोनदा तर हँडलवरून पुढे उडून पडलो. दोष मी सायकलला देत होतो, बायको मला देत होती.

“वजन?” आप्पांनी विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हणालो.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात एक जुना लोखंडी वजनकाटा होता, कांद्याच्या गोण्या मोजायचा, त्याकडे बोट केलं. मी बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, पोटातल्या दोन भाकऱ्या असा सगळ्यांनिशी चढलो. काटा एक्क्याण्णववर थांबला.

“तेरा किलो कुठं लपवलं व्हतं, सायेब?”

दाराबाहेर, लिंबाखाली बाजेवर आप्पांची बायको हौसाबाई बसली होती. हातात चाती होती, लोकर कातायची. ती इतकी हसली की चाती हातातून सुटून गरगरत अंगणात गेली.

मग आप्पांनी काम सुरू केलं. हौसाबाईच्या हातच्या काळ्या लोकरीच्या धाग्याचा तुकडा घेतला आणि फोर्कच्या चकचकीत नळीला, रबरी शीलाला, म्हणजे हवा अडवणाऱ्या सीलला, टेकवून एक वेढा घट्ट बांधला. सायकल दबली की शील धाग्याला वर ढकलतं, आणि सायकल पुन्हा वर आली तरी धागा तिथेच राहतो. किती दबली ते कळतं. कंपन्या त्यासाठी रबराचं कडं देतात, पण आप्पा चांगलं कडंही काढून टाकत. “ते कुठल्या मुलखातनं आलंय म्हायती न्हाई. ह्यो धागा घरचा हाय.”

मला हळूच सायकलवर बसवलं, उभं केलं, उतरवलं. मग धागा मोजला. मिलिमीटरची पट्टी त्यांच्या शेडमध्ये नव्हतीच. पुढे दोन बोटं दबली पाहिजे, मागे एक बोट, हा त्यांचा सगळा ग्रंथ. बोटं अर्थात त्यांची, फिटरची, अद्रकासारखी जाडजूड. हवा भरली की दहा-बारा वेळा फोर्क दाबून घ्यायचे, आतल्या दोन्ही खोल्यांत हवा सारखी बसावी म्हणून. मग लाल चकती, म्हणजे उसळी. दबलेली सायकल किती झपाट्याने वर यावी ते तिच्यावर ठरतं. शेडच्या पायरीवरून मला उतरायला लावलं आणि ते खाली उकिडवे बसून चाकाकडे बघत राहिले.

“बकरू उडी मारून उतरतं तवा एकदा टेकतं आन् चालाय लागतं. ही तुमची दोनदा टेकतीया. म्हून तुमाला फेकती.”

चकती चार खटके फिरवली. सीटचं नाक खाली झुकलं होतं, ते सरळ केलं. माझं सगळं वजन घसरून हातांवर येत होतं म्हणून तळहात बधिर होत होते, एवढीच ती भानगड. ब्रेकच्या मुठी मनगटाच्या रेषेत आणल्या. शेवटी म्हणाले, “आता जाऊन या डोंगरात, आन् धागा न पुसता मला दावा.”

तो रविवार मी विसरणार नाही. तीच वाट, तेच दगड, आणि मी न पडता खाली आलो. हात शाबूत होते. तोंडातून चक्क शीळ वाजत होती. परत येऊन फोर्क आप्पांपुढे धरला. त्यांनी धाग्यावर अंगठा ठेवला आणि ज्योतिषाने हात बघावा तसं बघून म्हणाले, “एका ठिकाणी भिऊन पुढचा ब्रेक दाबलाय. पर बरं हाय. धाग्याच्या वर, नळीच्या टोकाला एक बोट शिल्लक राहिलं पायजे. ते खर्चायचं न्हाई. ते वाईट येळेसाठी.”

हातावर त्यांचा फार भरवसा. त्यांचे वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने कोकणापर्यंत फिरायचे आणि मेंढराच्या पाठीवर नुसता अंगठा दाबून वजन सांगायचे. ती कला आप्पांनी उचलली होती. आठवडी बाजारात लोक त्यांना मुद्दाम बोलावून बोकडाच्या पाठीवर हात ठेवायला लावत. किलोभराचाही फरक पडत नसे. या अभिमानाने पुढे त्यांना चांगलंच गोत्यात आणलं, पण ते नंतर.

आधी दसऱ्याचं सांगतो. आमच्या रविवारच्या टोळीत नितीन नावाचा एक केमिकल इंजिनियर होता, मूळचा कोरेगाव भीमाचा. दसऱ्याला तो सायकल घेऊन घरी गेला. आपल्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते. नितीनच्या आईने सायकल धुतली, माळ घातली, आणि सगळ्यांत चकचकीत, गोल आणि देवासारखं जे काय दिसलं त्यावर तेलात कालवलेलं हळदकुंकू मनोभावे लावलं. ती ब्रेकची डिस्क होती, जिला तेलाचा थेंबही चालत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर जायला निघालो. आप्पांच्या अंगणात नितीनने ब्रेक दाबला, सायकल कोकरासारखी ओरडली आणि न थांबता सरळ कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली. उतारावर गेला असता तर पोरगं हाती लागलं नसतं.

नितीन आईवर चिडला होता. आप्पांनी त्याला गप्प केलं, डिस्क आणि पॅड स्वच्छ करून घेतले, आणि त्याच्याच फोनवरून त्याच्या आईला फोन लावला. आम्हाला वाटलं, आता तासभर ब्रेकचं शास्त्र चालणार.

“ताई, पूजा लई चांगली केली तुमी,” आप्पा म्हणाले. “फकस्त देवाची जागा चुकली. चाकात देव नसतो, त्यो पुढं असतोय, हँडलाच्या खाली. पुढल्या वेळेला तिथं लावा.”

त्याच संध्याकाळी त्यांनी पितळेच्या पत्र्याची रुपयाएवढी गोल टिकली कापली आणि नितीनच्या सायकलच्या कपाळावर चिकटवली. त्यानंतर आप्पांच्या हातून गेलेल्या प्रत्येक सायकलला ती असायची. माझ्याही आहे. आजही दसऱ्याला आमच्या घरात हळदकुंकू बरोबर तिथेच लागतं.

आता हौसाबाईंबद्दल. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली पाच वर्षं त्या सासऱ्यांच्या मेंढरांमागे माळरानं तुडवत होत्या. गावापासून तीन कोसांवर बिरोबाचा माळ आहे. तिथे त्यांचा तळ पडायचा. चैत्रात बिरोबाची जत्रा असते आणि मावशींची ती कधी चुकली नव्हती. मग गुडघे गेले. सहा वर्षं झाली, त्या माळावर गेल्या नव्हत्या. वाट अशी की जीप जात नाही, आणि मोटरसायकलवर मागे बसून जाताना एकदा दोघंही ओघळीत गेले होते. गावातल्या पोरांनी खुर्चीत बसवून उचलून न्यायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, “मी काय देवाची पालखी हाय का? जाईन तर माझ्या मी जाईन, न्हाई तर हितनंच हात जोडीन.” दरवर्षी जत्रेला जाणाऱ्याच्या हाती नारळ द्यायच्या आणि त्या दिवशी लिंबाखाली न बसता घरात बसायच्या.

आता आप्पांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी चढण चालायला मनाई केली होती, पण पायडल मारायला सांगितलं होतं. हौसाला येत्या जत्रेला तिच्या पायांनी, म्हणजे पायडलने, माळावर न्यायचं.

मावशींना सायकल येत नव्हती. वय अठ्ठावन्न. आप्पांनी कुणाची तरी टाकलेली लहान फ्रेम आणली. पायडलच्या दांड्यांत आतल्या बाजूला नवी भोकं पाडून आटे काढले, म्हणजे गुडघा कमी वाकेल. पुढे एकच दातेरी चक्र ठेवलं आणि पातळ अडकू नये म्हणून त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा बसवला. मागे भाकरीएवढं मोठं चक्र, चढाला. नऊवारीचा काष्टा सायकलवर इतका सोयीचा पडतो की आमच्या महागड्या चड्ड्या त्यापुढे फिक्या. सीट सुरुवातीला एवढी खाली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. मग दर सोमवारी, मावशी दळणाला गेल्या की, आप्पा गुपचूप सीट एक बोट वर करायचे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मावशी खळ्यात गोल-गोल फिरल्या आणि एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपले पाय टेकत नाहीत आणि तरी आपण पडत नाही आहोत. आप्पांना त्यांनी अर्धा दिवस शिव्या घातल्या. आप्पा आनंदाने ऐकत होते.

घोटाळा झाला तो फोर्कमध्ये हवा भरताना. जगाला जेवायला घालून, बूट घालून काट्यावर चढवणाऱ्या या माणसाने बायकोला काट्यावर चढ म्हटलं नाही. धीर झाला नाही म्हणा, किंवा गरज वाटली नाही म्हणा. “मला काय मोजायचं तिला? पन्नास किलो. हात लावून सांगतो,” असं आम्हाला सांगितलं आणि पन्नासाची हवा भरली.

पहिल्यांदा खळ्याबाहेर काढलं त्या दिवशी मी हजर होतो. घरामागे एक कोरडी ओघळ आहे, फार खोल नाही. मावशी ऐटीत उतरल्या. सायकलची पुढची बाजू खाली गेली ती गेलीच, फोर्क टोकाला धाडकन आपटला आणि मावशी बाभळीच्या फांद्यांवर. हाड मोडलं नाही, पण हातापायांतून नितीनने सतरा काटे काढले. धागा नळीच्या पार वर जाऊन चिकटला होता. एक बोटसुद्धा शिल्लक नव्हतं.

मावशी उठल्या. घरात गेल्या. सायकल गोठ्यात गेली. पुढच्या रविवारी माझ्या फोर्कला आप्पांनी नायलॉनचा दोरा बांधला, तो घसरून खाली आला.

“धागा कुठंय?” मी विचारलं.

“संपला,” आप्पा म्हणाले आणि पाना शोधायला वळले. पाना त्यांच्या हातातच होता.

महिनाभर चाती थांबली होती. आप्पा बोलके होते, पण त्या महिन्यात सायकली लावताना ते इतकंच म्हणत, “चढा. उतरा.” जत्रेला पंधरा-वीस दिवस राहिले होते. अशाच एका रविवारी सगळ्यांच्या देखत आप्पा लिंबाखाली गेले, बाजेसमोर उभे राहिले. कंपनीत साहेबापुढे उभे राहत असतील तसे.

“हौसा, चूक माझी झाली. सायकलीची न्हाई, तुझीबी न्हाई. काट्यावर ये.”

मावशींनी वर पाहिलं. “आधी तुमी चढा.”

आप्पा चढले. त्रेपन्न. मावशींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “थांबा. जेवून येते.”

आम्ही सगळे थांबलो. मावशी जेवल्या. जत्रेचं जरीचं पातळ नेसल्या, पायांत तोडे चढवले, कमरेला नारळाचं गाठोडं बांधलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि बाहेर येऊन काट्यावर उभ्या राहिल्या. सहासष्ट. कुणीही हसलं नाही, मी तर अजिबात नाही.

“सोळा किलो,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “बोकडाला माझा एक किलो चुकत न्हाई.”

“बोकडाकडं रोज बघत व्हता,” मावशी म्हणाल्या. “माझ्याकडं शेवटचं कवा बघितलं?”

आप्पांनी सायकल गोठ्यातून ओढून आणली. खाली बसून त्यांनी पंप लावला. दुसऱ्या दिवशी चाती पुन्हा फिरायला लागली. नवा धागा मावशींनी आपल्या हाताने बांधला.

जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी मला निघायचं होतं, विदर्भात बदली झाली होती. म्हणून त्या दिवशीचे आप्पा हे मी पाहिलेले शेवटचे आप्पा. पहाटे उजाडताच निघालो. मावशी सगळ्यांत हलक्या गिअरवर, मुंगीच्या चालीने चढत होत्या आणि मागे पंप काखेत मारून आप्पा चालत होते. चार ठिकाणी मावशी थांबल्या, चारही ठिकाणी आप्पांनी “उतरू का?” असं विचारू दिलं नाही. नऊ वाजता माळ आला. मावशी सायकलवरून उतरल्या, चपला काढल्या, देवाकडे न जाता आधी एका मोकळ्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे नुसतं गवत आणि तीन काळे दगड होते. “हितं आमची चूल व्हती,” त्या आम्हाला म्हणाल्या आणि घोंगडी अंथरून बसल्या. मी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

उतरताना मध्यावर एक ठिकाण आहे, बिरोबाचा उंबरा. वाटेत आडवा पसरलेला सपाट खडक, आणि पलीकडे वीतभराची उडी. मी तिथे दोनदा पडलोय. आप्पांनी वरच मावशींची सीट चार बोटं खाली केली आणि स्वतः उंबऱ्याखाली येऊन उभे राहिले. मी शेजारी होतो.

“सायेब, हवा बरोबर हाय न्हवं?” त्यांनी मला विचारलं. मला! ज्याला त्या चकत्या कशासाठी असतात हे त्यांनी शिकवलं.

वरून तोड्यांचा आवाज आला. मावशी उंबऱ्यावर आल्या. ब्रेक वाजला नाही. पुढचं चाक उतरलं, फोर्क दबला, वर आला, एकदाच टेकला, आणि मावशी आम्हाला ओलांडून वीस पावलं पुढे जाऊन थांबल्या. आप्पा धावत गेले आणि सवयीने सायकलपुढे उकिडवे बसले.

“भ्याली न्हाईस?” धाग्याकडे वाकत ते म्हणाले.

“भ्याले की. पर हवा तुमी भरली व्हती.” मग मावशींनी हँडल सोडून त्यांच्या टोपीला हात लावला. “त्यो धागा ऱ्हाऊ द्या. वर बघा जरा.”

आप्पांनी वर पाहिलं. बघतच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मावशी घामाघूम झालेल्या, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, आणि माझ्या पहिल्या भेटीत चाती सुटली तेव्हा हसल्या होत्या तशाच हसत होत्या.

कुणाच्याही सायकलचा धागा न बघता आप्पांनी तिला पुढे जाऊ दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मावशींचा बघायचा राहिला. दोघं पुढे निघायच्या आत मीच वाकून पाहिला.

टोकाला एक बोट शिल्लक होतं.